विश्लेषण : खुल्या डेटाला प्रश्न विचारायचा खर्च कुणी उचलायचा? ‘हलके’ क्वेरी प्रोटोकॉल काय आहेत?

माहिती इंटरनेटवर मोफत ठेवली, म्हणजे ती सर्वांना वापरता येतेच असे नाही. जगातील सर्वात मोठ्या खुल्या माहितीसाठ्यांपैकी एक असलेल्या विकिडेटाला मे २०२५ मध्ये आपल्या क्वेरी सेवेचे दोन भाग करावे लागले. साठा इतका वाढला होता की त्याला विचारलेल्या प्रश्नांचे ओझे एका यंत्रणेला पेलेनासे झाले. सर्व्हरवरचे हे ओझे कसे कमी करावे, याचा एक मार्ग बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्येच दाखवला होता : सर्व्हरने थोडेच काम करावे आणि उरलेले विचारणाऱ्याच्या संगणकाने. हा मार्ग नेमका काय आहे, त्यात गैरसोय कोणती आणि आपल्याकडे त्याचा उपयोग होईल का, याचा हा आढावा.

‘जोडलेला डेटा’ म्हणजे काय?

आमच्या डेस्कवर दर काही महिन्यांनी एक जुने दुखणे डोके वर काढते. जिल्हानिहाय दोन तक्ते येतात. एकात उस्मानाबाद असते, दुसऱ्यात धाराशिव. एकात अहमदनगर, दुसऱ्यात अहिल्यानगर. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर यांचे तेच. दोन्ही तक्ते एकत्र केले की ३६ जिल्ह्यांच्या राज्यात ३९ ओळी तयार होतात, कारण एक्सेलला नामांतराची अधिसूचना माहीत नसते. मग कुणीतरी बसून हाताने दुरुस्ती करते. एकदा हे काम माझ्याकडे आले होते. घाईत एक ओळ सुटली आणि बेरीज चुकली. बातमी जाण्याआधी ती चूक एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या लक्षात आली, म्हणून निभावले.

या दुखण्यावरचा उपाय वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये ‘लिंक्ड डेटा’ या नावाने मांडला. प्रत्येक वस्तूला, गावाला, माणसाला, पुस्तकाला वेबवर एक कायमचा पत्ता द्यायचा. नाव ही त्या पत्त्यावर लावलेली पाटी. ती बदलली तरी पत्ता तोच राहतो. विकिडेटावर मुंबईचा क्रमांक ‘क्यू ११५६’ आहे. त्याला मराठीत मुंबई म्हणा किंवा जुन्या पुस्तकातले बॉम्बे म्हणा, क्रमांक एकच.

माहिती मांडायची पद्धतही साधी आहे. प्रत्येक विधान तीन तुकड्यांचे : कर्ता, संबंध आणि कर्म. ‘रायगड – जिल्हा – रायगड’, ‘रायगड – राज्य – महाराष्ट्र’. या त्रिकुटाला ट्रिपल म्हणतात आणि त्याचे आरडीएफ हे मानक १९९९ पासून अस्तित्वात आहे. अशी कोट्यवधी त्रिकुटे एकमेकांत गुंतली की त्यांचे जाळे तयार होते. त्यालाच आलेख किंवा ग्राफ म्हणतात. विकिडेटात आज ११ कोटींहून अधिक नोंदी आहेत.

मग प्रश्न विचारण्यात अडचण कुठे येते?

या जाळ्याला प्रश्न विचारण्यासाठी ‘स्पार्कल’ ही भाषा आहे. २००८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने तिला मान्यता दिली. डेटाबेसमध्ये जे काम एसक्यूएल करते, तेच आलेखावर स्पार्कल करते. फरक इतकाच की एसक्यूएलचा सर्व्हर कंपनीच्या भिंतीआड असतो. त्याला कोण काय विचारणार हे ठरलेले असते. स्पार्कलची सेवा मात्र जगासाठी उघडी असते. तिथे कुणीही, कितीही अवघड प्रश्न टाकू शकतो आणि त्याचे उत्तर शोधण्याचा सारा खर्च सेवा चालवणाऱ्याच्या माथी पडतो.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. एखाद्याने येऊन ग्रंथपालाला सांगितले, ‘१९६० नंतर कोकणात जन्मलेल्या, किमान दोन नाटके लिहिलेल्या आणि नंतर चित्रपटांकडे वळलेल्या सर्व लेखकांची यादी काढून द्या.’ ग्रंथपाल देईलही. पण अशी मागणी घेऊन एकाच वेळी दोनशे माणसे टेबलाशी उभी राहिली तर? आणि त्यातल्या पाच जणांची मागणी अशी असेल की ग्रंथालयातले प्रत्येक पुस्तक उघडावे लागेल, तर?

ही भीती काल्पनिक नाही. चिलीतील संशोधकांनी २००६ मध्येच गणिताने दाखवले, की स्पार्कलच्या प्रश्नाचे उत्तर काढणे हा सर्वसाधारण स्वरूपात ‘पीस्पेस-कम्प्लीट’ गटातला प्रश्न आहे. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. साध्या भाषेत अर्थ असा, की चार ओळींचा निरुपद्रवी दिसणारा प्रश्नही सर्व्हरला घाम फोडू शकतो आणि तो तसा आहे हे आधी ओळखण्याची सोपी रीत नाही.

प्रत्यक्षात काय झाले, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. संशोधकांनी ४२७ सार्वजनिक स्पार्कल सेवांवर २७ महिने नजर ठेवली. त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश सेवाच महिन्यातला ९९ टक्के किंवा अधिक वेळ चालू सापडत होत्या. ज्या टिकून होत्या, त्यांनीही कुंपण घातले होते. कुणी उत्तराच्या ओळींवर मर्यादा घातली, कुणी वेळेवर. विकिडेटाची सेवा साठ सेकंदांत उत्तर निघाले नाही तर प्रश्न सोडून देते. वापरणाऱ्याला ‘टाइमआउट’ एवढाच शब्द दिसतो.

दुसरे टोक म्हणजे सगळा साठाच उतरवून घ्या. सर्व्हरला काहीच त्रास नाही, फक्त फाइल ठेवायची. पण संपूर्ण विकिडेटाची फाइल कॉम्प्रेस करूनही शंभर जीबीच्या आसपास भरते. बारा ओळींच्या उत्तरासाठी अख्खे ग्रंथालय टेम्पोत भरून घरी आणण्यासारखे ते आहे. शिवाय घरी पोहोचेपर्यंत माहिती शिळी.

‘हलका’ प्रोटोकॉल नेमका काय करतो?

गेन्ट विद्यापीठातील रुबेन वेरबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या दोन टोकांच्या मधली जागा शोधली. तिचे नाव ‘ट्रिपल पॅटर्न फ्रॅगमेंट्स’, थोडक्यात टीपीएफ. त्यांचे म्हणणे असे, की ग्रंथपालाने संशोधन करू नये, त्याने फक्त कार्डांचा खण उघडून द्यावा.

टीपीएफचा सर्व्हर एकाच प्रकारच्या प्रश्नाला उत्तर देतो. त्रिकुटातल्या तीन जागांपैकी काही भरायच्या, काही रिकाम्या ठेवायच्या. ‘? – जिल्हा – पुणे’, ‘रायगड – ? – ?’, बस. या नमुन्यात बसणारी त्रिकुटे पानापानाने मिळतात, एका पानावर सहसा शंभर. यापलीकडे तुलना, क्रम, बेरीज, सरासरी असले काहीही सर्व्हर करत नाही.

पण तो दोन गोष्टी जादा देतो आणि खरी करामत तिथेच आहे. पहिली, त्या नमुन्यात एकूण अंदाजे किती त्रिकुटे बसतात तो आकडा. दुसरी, पुढचे पान आणि नवा नमुना कसा मागायचा याचा दुवा व फॉर्म, त्याच उत्तरात. त्यामुळे समोरच्या प्रोग्रामला वेगळी माहितीपुस्तिका लागत नाही.

उदाहरण घेऊन पाहू

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ जागतिक वारसा यादीत घेतला. त्यात १२ किल्ले आहेत. आता प्रश्न असा : या १२ पैकी महाराष्ट्रातले किल्ले कोणते आणि ते कोणत्या जिल्ह्यांत आहेत? संबंधित नोंदी नीट भरलेल्या आहेत असे धरू.

हा प्रश्न तीन नमुन्यांत मोडतो. ‘?किल्ला – भाग – मराठा लष्करी भूप्रदेश’, ‘?किल्ला – जिल्हा – ?जिल्हा’ आणि ‘?जिल्हा – राज्य – महाराष्ट्र’. स्पार्कलच्या सेवेत तिन्ही एकदम पाठवले असते आणि जोडणी सर्व्हरने केली असती. इथे तुमच्या ब्राउझरमधला प्रोग्राम प्रत्येक नमुन्याचे पहिले पान वेगवेगळे मागवतो. तीन आकडे येतात. पहिल्याचा १२, तिसऱ्याचा ३६ आणि दुसऱ्याचा प्रचंड, कारण कुठल्याही जिल्ह्यातली कुठलीही गोष्ट त्यात बसते.

प्रोग्राम सर्वात लहान आकड्यापासून सुरुवात करतो. १२ किल्ल्यांची नावे पहिल्याच पानावर आलेली आहेत. आता दुसऱ्या नमुन्यातली रिकामी जागा एकेका किल्ल्याने भरायची. ‘साल्हेर – जिल्हा – ?’ विचारले की नाशिक. शिवनेरी, लोहगड आणि राजगड यांना पुणे. रायगड आणि खांदेरीला रायगड, प्रतापगडाला सातारा, सुवर्णदुर्गाला रत्नागिरी, पन्हाळ्याला कोल्हापूर, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गाला सिंधुदुर्ग. जिंजीला विल्लुपुरम. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचे पान हाती असतेच, विल्लुपुरम त्यात नाही, म्हणून तमिळनाडूतील जिंजी गळते. उत्तर मिळाले : ११ किल्ले, सात जिल्हे.

हिशेब सोपा ठेवला तर तीन अधिक बारा, अशा पंधरा छोट्या विनंत्या झाल्या. त्यातली एकही अवघड नव्हती. उलट क्रमाने, म्हणजे दुसऱ्या नमुन्यापासून सुरुवात केली असती, तर लाखो ओळी ओढाव्या लागल्या असत्या. सर्व्हरने दिलेला तो साधा अंदाजे आकडा किती मोलाचा आहे, हे इथे कळते.

सर्व्हर चालवणाऱ्याचा फायदा काय?

पहिला फायदा खर्चाचा अंदाज बांधता येण्याचा. प्रत्येक विनंती जवळपास सारख्याच कष्टाची असल्याने एखाद्याच्या राक्षसी प्रश्नामुळे बाकीच्यांची सेवा बंद पडत नाही. त्याचा प्रश्न अवघड असेल तर त्याचाच लॅपटॉप गरम होतो. मला हे न्याय्य वाटते.

दुसरा फायदा कॅशेचा. स्पार्कलमध्ये दोघांनी शब्दशः तोच प्रश्न विचारण्याची शक्यता कमी असते, त्यामुळे आधीचे उत्तर पुन्हा वापरता येत नाही. टीपीएफमध्ये ‘महाराष्ट्राचे जिल्हे’ हे पान किल्ले शोधणाऱ्याला लागते, पावसाचा तक्ता करणाऱ्याला लागते आणि निवडणुकीचा नकाशा काढणाऱ्यालाही. एकदा तयार झालेले पान वाटेवरच्या कॅशेमधूनच सगळ्यांना मिळते, मूळ सर्व्हरपर्यंत जावेच लागत नाही. वेब पहिल्यापासून याच युक्तीवर चालत आले आहे. मागे साठवणुकीसाठी ‘एचडीटी’ नावाचा दाबून बसवलेला फाइल प्रकार वापरला की मोठा आलेखही साधारण ताकदीच्या यंत्रावरून देता येतो.

तिसरा फायदा सहसा कुणी मोजत नाही. जोडणी तुमच्याकडे होत असल्याने दोन वेगळ्या संस्थांचे सर्व्हर एकाच प्रश्नात वापरता येतात आणि तुमचा पूर्ण प्रश्न त्यांच्यापैकी कुणालाही सरळ सांगावा लागत नाही.

हीच कल्पना गेन्टच्या गटाने रेल्वे वेळापत्रकावरही लावून पाहिली. ‘लिंक्ड कनेक्शन्स’मध्ये सर्व्हर मार्ग शोधून देत नाही. सुटण्याच्या वेळेनुसार गाड्यांची पाने करून ठेवतो आणि ‘कल्याणहून दादरला कसे जाऊ’ अशा प्रकारचे गणित फोनने करायचे. लोकलच्या प्रवाशाला हे नवे नाही. इंडिकेटर फक्त गाड्या दाखवतो, कुठे उतरून कोणती पकडायची हे डोक्यातच ठरते.

मग सगळे याकडे का वळले नाहीत?

कारण ते सावकाश चालते. पंधरा विनंत्यांचे उदाहरण मुद्दाम सोयीचे निवडले होते. मधला आकडा १२ ऐवजी १२ हजार असता, तर विनंत्याही हजारोंच्या घरात गेल्या असत्या आणि जिथे मोबाइलचे नेटवर्क येऊन-जाऊन असते तिथे वाट पाहत बसावे लागले असते. एकूण डेटाही जास्त ओढला जातो. ‘कोणत्या जिल्ह्यात सर्वाधिक किल्ले’ यासारख्या मोजणीच्या प्रश्नात सर्व्हरची मदतच नाही. सगळी त्रिकुटे आणा आणि स्वतः मोजा. ‘आडनाव कर ने संपणारे लेखक’ असे विचारले तर लेखकांची पूर्ण यादी उतरवण्याला पर्याय नाही.

त्यामुळे पुढच्या संशोधनाचा रोख मधल्या पायऱ्यांकडे गेला. २०१६ मधल्या ‘बीआर-टीपीएफ’मध्ये बारा किल्ल्यांसाठी बारा विनंत्या न करता त्यांची यादी एकत्र जोडून पाठवता येते. फ्रान्समधील नान्त येथील गटाने २०१९ मध्ये ‘सेज’ मांडले. त्यात सर्व्हर प्रश्नाला ठरावीक क्षण देतो, मग थांबवून अर्धवट काम विचारणाऱ्याकडे परत सोपवतो आणि रांगेतल्या पुढच्याला घेतो. बँकेत एकाच ग्राहकाची पन्नास चलने असली की कॅशियर मध्येच इतरांना घेतो, त्यातला प्रकार. वापरणाऱ्यांच्या बाजूने ‘कॉम्युनिका’ हे गेन्टचेच मुक्त इंजिन २०१८ पासून आहे. समोर टीपीएफ असो, स्पार्कल असो की नुसती फाइल, ते जुळवून घेते.

आणखी एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. सर्व्हरची इंजिनेही थांबून राहिलेली नाहीत. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात हाना बास्ट यांच्या गटाने बनवलेले ‘क्यूलेव्हर’ हे इंजिन संपूर्ण विकिडेटा एकाच यंत्रावर ठेवून बहुतेक प्रश्नांना झटकन उत्तर देते. म्हणजे हलक्या प्रोटोकॉलची गरजच उरली नाही, असे काही जण म्हणतात. ते मला अर्धेच पटते. चांगले इंजिन प्रश्न स्वस्त करते, पण तो खर्च कुणी उचलायचा ही व्यवस्था बदलत नाही. इंजिन दहापट वेगवान झाले आणि विचारणारे शंभरपट झाले, तर टेबलाशी रांग पुन्हा तशीच.

विकिडेटाच्या विभाजनातून काय दिसते?

विकिडेटाची क्वेरी सेवा २०१५ मध्ये सुरू झाली, ‘ब्लेझग्राफ’ या इंजिनावर. पुढे त्या इंजिनाचा विकासच थांबला आणि आलेख मात्र फुगत गेला. त्यातला जवळपास निम्मा भाग शोधनिबंधांच्या नोंदींचा होता. शेवटी तोच भाग वेगळा काढून दुसऱ्या सेवेवर ठेवण्यात आला. आता शोधनिबंध आणि बाकीचे जग यांना जोडणारा प्रश्न असेल, तर दोन्ही सेवांना एकत्र विचारणारी क्वेरी लिहावी लागते. जुन्या क्वेरी लिहिणाऱ्या अनेकांना त्या दुरुस्त कराव्या लागल्या.

त्यात एआयची भर पडली आहे. भाषा-मॉडेलांसाठी माहिती गोळा करणारे बॉट रात्रंदिवस खुल्या संकेतस्थळांवर फिरत असतात. आपल्या सर्व्हरवरील सर्वात खर्चिक ठरणाऱ्या वाहतुकीपैकी ६५ टक्के बॉटची असते, असे विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले. हा आकडा फक्त क्वेरी सेवेचा नव्हे, त्यांच्या एकूण पायाभूत यंत्रणेचा आहे. पण त्यामागचे कारण इथे थेट लागू पडते. माणसे पुन्हा पुन्हा तीच लोकप्रिय पाने उघडतात, ती कॅशेत असतात. बॉट कोपऱ्यातली, कुणी न उघडलेली पानेही मागतो आणि प्रत्येक वेळी मूळ सर्व्हरला उठावे लागते. म्हणजे कॅशेचा जो फायदा वर सांगितला, तो बॉटपुढे बराचसा निष्प्रभ ठरतो. टीपीएफचे छोटे पान मात्र तयार करायलाही स्वस्त असते, त्यामुळे धक्का सौम्य बसतो एवढेच.

आपल्याकडे याचा उपयोग काय?

केंद्र सरकारचे खुल्या डेटाचे पोर्टल २०१२ पासून आहे. तिथली बरीच माहिती तक्त्यांच्या फाइलींत मिळते. तक्ता उतरवून घेता येतो, पण त्यातला जिल्हा आणि दुसऱ्या खात्याच्या तक्त्यातला जिल्हा एकच आहे, हे फाइल सांगत नाही. यासाठी लागणारा कच्चा माल मात्र आपल्याकडे आहे. पंचायत राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरी’त राज्य, जिल्हा, तालुका आणि गावापर्यंत प्रत्येकाला क्रमांक आहे. प्रत्येक तक्त्यात नावाशेजारी हा क्रमांक सक्तीचा केला, तरी आमच्या ३९ ओळींचा प्रश्न मिटेल. तो क्रमांक वेबवरचा पत्ता झाला, तर पुढचे दार उघडते.

आणि तिथे थेट स्पार्कल सेवा उभारण्याची घाई करू नये, असे मला वाटते. आपल्याकडे सरकारी पोर्टलचे उद्घाटन थाटात होते आणि निविदेची मुदत संपली की देखभाल थांबते. ज्या सेवेला चोवीस तास जाणकार माणूस लागतो, ती तिसऱ्या वर्षी ‘सर्व्हर नॉट फाउंड’ दाखवणार. राज्यात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये हजारोंनी आहेत, जुनी हस्तलिखिते सांभाळणाऱ्या संस्था आहेत, विद्यापीठांची संग्रहालये आहेत. त्यांच्याकडे डेटाबेस प्रशासक नेमायला पैसे नाहीत आणि नसणारच आहेत. अशा संस्थेला एक दाबलेली फाइल आणि तिच्यावरून पाने देणारा छोटा सर्व्हर परवडू शकतो. उत्तर चार सेकंद उशिरा आले तर संशोधक थांबेल. अर्थात टीपीएफ हे वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमचे अधिकृत मानक नाही आणि त्याचा वापर अजूनही प्रामुख्याने संशोधन वर्तुळात आहे. एखाद्या खात्याने निवड करताना ही जोखीम विचारात घ्यावी लागेल आणि मूळ फाइल उतरवून घेण्याची सोय कायम ठेवावी लागेल.

करून पाहायचे असल्यास?

‘कॉम्युनिका’चा वेब क्लायंट थेट ब्राउझरमध्ये चालतो, काही बसवावे लागत नाही. त्यात नमुना क्वेरी दिलेल्या आहेत. एखादी निवडून चालवण्याआधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला ‘नेटवर्क’ टॅब उघडून ठेवा. स्रोत टीपीएफ असेल तर एका प्रश्नासाठी छोट्या विनंत्यांची रांगच रांग सरकताना दिसते. तीच क्वेरी दुसऱ्यांदा चालवली की त्यातल्या काही विनंत्यांपुढे ‘कॅशे’ असे लिहून येऊ शकते.